मोटर रिवायंडिंगवाल्या (मोटरची तार नव्यानं गुंडाळणाऱ्या) चाचांना, भट्टीच्या कॉइलबद्दल

चाचा, सलाम. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. सगळ्यांसमोर लिहायलेय कारण अंबाजोगाई, लातूर, नांदेडकडं घरी भट्टी बनवून मेणाच्या साच्यावर पितळ ओतणारे जे कोणी असतील त्यांच्या पण हे कामाला यावं.

आमची बर्नआउट भट्टी, म्हणजे साच्यातलं मेण जाळून काढायची भट्टी, घरीच बनवलेली, इन्सुलेशनच्या विटा, २ किलोवॅटची कँथलची (भट्टीत तापणाऱ्या खास तारेची) कॉइल, तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल अन् त्यावरून करंट चालू-बंद करणारा कंट्रोलर, बस. खंडोबाच्या अन् रेणुकाईच्या छोट्या मूर्त्या ओततो आम्ही, फ्लास्कमधलं (साचा ज्यात भरतो त्या धातूच्या डब्यातलं) मेण पार जळून जायला ७३० डिग्रीपर्यंत चढवावं लागतं, अन् नवरात्राच्या ऑर्डरी तोंडावर आलेल्या असताना कॉइल सारखी तुटायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा तार हलकी आहे, जाड टाका. तुम्ही मात्र दुकानातली पाण्याची मोटर बाजूला सारली अन् पहिलं हेच विचारलं, "पहले टूटी कां, वो दिखा."

नशीब मी तुटलेले तुकडे जपून ठेवले होते. तुम्ही ते टेबलावर ओळीनं मांडले तर सगळे एकाच जागी गेलेले, तार विटेतून बाहेर येऊन बोल्टला जोडते तिथं. मधली कॉइल कुठंच गेली नव्हती. मीटर लावला, २६ ओहम, म्हणजे २३० व्होल्टला बरोबर २ किलोवॅट. मग कॉइलला कामून दोष द्यायचा म्हणलात! ढिल्या, काळ्या पडलेल्या जोडात अर्धा ओहम जरी अडला तरी साडेआठ अँपिअरला तिथं ३५-३६ वॅट एका टोकावर जळतात, बोल्ट तापतो, अजून काळा पडतो, अजून अडतो, अन् शेवटी तार तिथंच जाते. हे मला आजवर कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं चाचा.

मग तुम्ही नवीन तारेची दोन्ही टोकं लांब ठेवून परत मागं दुमडून दुहेरी पिळली, म्हणजे विटेतून जाणाऱ्या भागात उष्णता निम्मी. पितळी बोल्ट काढून स्टेनलेसचा नट-बोल्ट अन् वायसर, अन् चिनी मातीचा कनेक्टर भट्टीच्या बाहेर, हवा लागंल असा. जुनी तापलेली कँथल थंडपणी वाकवली की काडीसारखी मोडते, गॅसच्या टॉर्चनं लाल करून वाकवायची, हे पण हातात पक्कड देऊन शिकवलंत. कंट्रोलर एकच वायर तोडतो, स्क्रीनवर बंद दिसलं तरी कॉइलमध्ये करंट असू शकतो, म्हणून दोन पोलचा एमसीबी (दोन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच) लावल्याशिवाय अन् पत्र्याला अर्थिंग दिल्याशिवाय तुम्ही भट्टी चालूच करू दिली नाही. घरात लहान लेकरं आहेत, त्याच्यासाठी तर आई तुम्हाला रोज दुवा देते.

दुसरं दुखणं वेगळंच होतं. संध्याकाळी भट्टी ६०० च्या पुढं सरकायची नाही. तुम्ही सात वाजता घरी येऊन व्होल्टेज बघितलं तर १८०. व्होल्टेज असं पडलं की २ किलोवॅटचे १२०० वॅटच उरतात, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं पडते. आता रात्री दहानंतर लावतो, लोड कमी असतो, ७३० आरामात गाठते. मेण पण आधी वाफेवर काढून घेतो, अन् भट्टीचं वरचं भोक उघडं ठेवतो, नाहीतर धूर अन् काजळी कॉइलवर बसून तारेवरचा संरक्षक थर खराब होतो.

ऑर्डरी सगळ्या गेल्या चाचा, वेळेत गेल्या. तुम्ही बोल्ट अन् कनेक्टरचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही, मी कितीदा म्हणलं तरी. म्हणून जाहीर सांगते, ज्याची कॉइल तुटायलीय त्यानं नवी तार घ्यायच्या आधी ती कुठं तुटली ते बघावं अन् जमलं तर तुकडे घेऊन एखाद्या मोटर रिवायंडिंगच्या जुन्या माणसाकडं जावं, करंट कुठं अडतो हे त्यांना हातानं कळतं.

मोठ्या फ्लास्कसाठी तीन फेजची भट्टी बांधायचा विचार आहे. तारेचं गणित मी करून ठेवलंय, सोमवारी वही घेऊन येते, तुम्ही एकदा तपासून द्या.

तुमची,
मूर्तीवाली पोरगी, अंबाजोगाई