खारातल्या गऱ्यांची आठवण

स्प्लिट, क्रोएशिया, रविवार दुपार

प्रिय नंदे,

वाढदिवसाला तुझा फोन आला नाही म्हणून चार दिवस फुगून बसले होते. मग तुझ्या लेकीचा मेसेज आला, "मावशी, कोरियन सिरियलमध्ये वाढदिवसाला ते काळपट हिरवं सूप पितात, तू प्यायलीस कधी?" आणि राग कुठल्या कुठे गेला. तिला सांग, प्यायले. त्याच दिवशी सकाळी सात वाजता, दारात उभी राहून.

खालच्या मजल्यावर एक कोरियन बाई राहते, तिला मी ओन्नी म्हणते. ओन्नी म्हणजे आपली ताई. 2013 साली त्यांच्याकडच्या एका टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण क्रोएशियात झालं, तेव्हापासून कोरियन पर्यटकांची इकडे रीघ लागली. ही त्यांना खोल्या भाड्याने देते. मूळची बुसानजवळच्या गिजांगची, तिथलं मियोक नावाचं समुद्री शेवाळ नावाजलेलं. बाळंतिणीला त्याचंच सूप देतात आणि वाढदिवसाला तेच पितात, आईच्या बाळंतपणाची आठवण म्हणून. परीक्षेच्या दिवशी मात्र शिवत नाहीत. बुळबुळीत ना, पोरगं घसरेल म्हणून! (आपण दहीसाखर देतो, ते बरं.)

सूप ठीकच. मला वेड लावलं ते त्याच झाडाच्या देठांनी. मिठात खारवलेल्या देठांचं पाकीट येतं, ओन्नी ते लसणीवर परतते. दाताखाली कुरकुर वाजतं, थेट माठाच्या देठांसारखं, वर समुद्राचा वास. खाताना डोक्यात आलं, आमची घरमालकीण ब्लिट्वा करते त्यात हे घातलं तर? ब्लिट्वा म्हणजे पालकाची जाडजूड बहीण म्हण, पांढऱ्या रुंद देठांची. बटाट्याबरोबर उकडायची, मग लसूण आणि ऑलिव्हचं तेल. डाल्मेशियात, म्हणजे आमच्या या किनारपट्टीवर, माशाच्या ताटात ती नसली तर ताट अर्धंच. मालकीणबाईंना मी तेता म्हणते, म्हणजे मावशी, आत्या, काय हवं ते.

मग गेले पाझारवर. इथल्या जुन्या रोमन राजवाड्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून भाजीबाजार भरतो, तो पाझार. पहिल्या वर्षी तिथे माझी झालेली फजिती तुला सांगितली का गं? मी भाषा शिकले राजधानीच्या, झाग्रेबच्या बाईंकडे. त्यांच्या 'लुक'चा अर्थ कांदा. ऐटीत म्हटलं, एक किलो लुक द्या. भाजीवालीने डोळे मोठे करून किलोभर लसूण तोलली! इकडे डाल्मेशियात लुक म्हणजे लसूण, कांद्याला कापुला. महिनाभर लसूणचटणी खाल्ली.

असो. पहिला प्रयोग असा फसला की काय सांगू. देठं एकदाच नळाखाली धुतली आणि टाकली कढईत. ब्लिट्वा मिठाच्या पाण्यात उकडलेली, ओन्नीचा सोया सॉस खारट, आणि तेताने माझी पाठ वळल्यावर वेगेटाची, म्हणजे इथल्या तयार मसालामिठाची, चिमूट टाकलेली. मीठ चार दारांनी आत शिरलं. तेता बिचारी काही बोलली नाही, नुसती बेवांदा पीत राहिली, म्हणजे पाणी घातलेली वाईन. तीन ग्लास.

रात्री भांडी घासताना एकदम आठवलं. खारातले गरे! आई पावसाळ्यात बरणीतून फणसाचे गरे काढायची, रात्रभर पाण्यात टाकायची, पाणी बदलायची, आणि सकाळी एक गरा चावून बघितल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही. हेच तर करायचं होतं! कोकणातली मी, आणि मलाच सुचू नये?

तर आता नीट सांगते. तीनशे ग्रॅम देठं तीन-चार पाण्यांत चोळून धू, मग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेव. एक चावून बघ. किंचित अळणी लागायला हवं, समुद्राच्या पाण्यासारखं लागलं तर अजून थांब. बोटाएवढे तुकडे कर. दोन बटाट्यांच्या फोडी बिनमिठाच्या पाण्यात उकड, शिजत आल्या की ब्लिट्वाची देठं टाक, पानं अगदी शेवटी. सगळं निथळून घे. कढईत ऑलिव्हचं तेल, ठेचलेल्या सात-आठ पाकळ्या लसूण, उभा कांदा, गाजराच्या काड्या. लसूण लाल होऊ द्यायची नाही, आपल्यासारखी नाही. मग शेवाळाची देठं पाच मिनिटं मोठ्या आचेवर, चमचाभर सोया सॉस, त्यावर बटाटा आणि ब्लिट्वा, हलक्या हाताने.

शेवटी तेलावरून जुंपली. तेता म्हणे वरून कच्चं ऑलिव्ह, शोल्ता बेटावरच्या तिच्या भावाच्या झाडांचं. ओन्नी म्हणे तिळाचं. मी गॅस बंद करून तिळाचे अर्धा चमचा थेंब टाकले आणि तेताला बाटली ताटात ओतायला दिली. (तिळाचं म्हणजे डोक्याला लावतो ते पिवळं नव्हे. भाजलेल्या तिळाचं, काळसर.) वरून भाजलेले तीळ आणि मोतार. मोतार इथल्या खडकांवर उगवतं, व्हिनेगरमध्ये मुरवतात. शेवाळ पाहून नाक मुरडणारी तेता मोतारची बरणी घेऊन स्वतः वर आली, यातच काय ते समज.

वेगेटाची निळी पुडी ओन्नीने उलटून वाचली आणि हसत सुटली. त्यात ग्लुटामेट. 1908 साली जपानमध्ये इकेदा नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून चवीसाठी वेगळं काढलं, तेच. वेगेटा 1959 ची. म्हणजे शेवाळाला 'कुजकं गवत' म्हणणारी तेता त्याच चवीची चिमूट जन्मभर सगळ्यात घालतेय! मी तिला सांगितलं. तिने पुडी माझ्या हातातून काढून घेतली, फळीवर ठेवली, आणि पुन्हा ताट पुढे केलं. "निये लोशे," म्हणाली. वाईट नाही. इथे याहून मोठी शाबासकी नसते.

तुला तिकडे ही देठं मिळणं कठीण. माठाच्या देठांवर कर, पण मग ते कोरियन नाही हे लेकीला आधीच सांग.

आणि हो, तुझे दीर जूनमध्ये येताहेत ना? त्यांच्याबरोबर खारातले गरे पाठव. ओन्नीला खायला घालायचेत, तेताला नंतर बघू. गेल्या वेळी लोणच्याचं तेल सगळ्या बॅगेत झालं होतं, तेव्हा झाकणाखाली प्लास्टिक घाल आणि वरून चिकटपट्टी दोनदा फिरव. तीळ पाठवू नकोस, इथे मिळतात.

तुझीच,
शुभी