मामा, माझा बॉल लांब जातोय तो तुमच्यामुळं

मामा, नमस्कार. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू द्या ओ ताई" म्हणता आणि दुसऱ्या कुणाचा गोल्फचा स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, बघायला निघून जाता, म्हणून आज इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर तुम्ही वर्षानुवर्षं कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांची काठ्यांची पिशवी सांभाळणारे, होता, हजारो स्विंग जवळून बघितलेत, आणि ते सगळं बघणं तुम्ही माझ्यासारख्या पन्नाशीनंतर शिकायला आलेल्या बाईवर खर्च केलंत. बाकी सगळे सांगत होते ताकद कमी पडते, दंड कमवा. तुम्ही हातांकडं बघितलंच नाही, बाकावर बसवलंत, क्लब, म्हणजे गोल्फची काठी, छातीवर आडवा धरायला लावलात आणि म्हणालात गुडघे न हलवता वळा. उजवीकडं वळता येत होतं, डावीकडं पाठ आणि खुबा दोन्ही जाम. "पॉवर हितं अडकलीय ताई." मग कितीतरी दिवस नुसते खुब्याचे आणि पाठीचे व्यायाम, बॉल नाहीच.

आणि ते गोफणीचं! ज्वारीवरची पाखरं उडवताना दगडाला काय दंडानं ढकलतो का आपण, आधी अंग फिरतं, मग हात, मग दोरी, आणि दगड सगळ्यात शेवटी सुटतो. तेव्हा मला डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली बॉलवर आणणं, कळला. आधी डाव्या पायानं जमीन दाबायची, मग कंबर, मग छाती, मग हात, क्लबचं डोकं शेवटी, आणि मागचा जरा थबकला की त्याचा वेग पुढच्याला मिळतो. हे सगळं जेमतेम पाव सेकंदात होतं, तिथं विचार करायला वेळ कुठला, म्हणून तुम्ही तो क्रम अंगात मुरेपर्यंत घोटून घेतलात. पाय जुळवून उभं राहायचं आणि क्लब अजून मागं जात असतानाच डावा पाय टार्गेटकडं टाकायचा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, उलटा धरून फिरवायचा, सूंऽऽ आवाज बॉलच्या जागेच्या पुढं आला तर बरोबर, आधीच आला तर हातांनी घाई केली. अजून रोज गच्चीत करते, शेजारचे बघत असतात, बघू देत.

नामवंत गोल्फपटू रोरी मॅकलरॉयची उंची 175 सेंमीच्या आसपास, तरी त्याचा बॉल 300 यार्डांच्या पुढं जातो, हे मी टीव्हीवर किती वेळा बघितलं होतं पण त्याची कंबर हातांच्या आधी कशी सुटते ते तुम्ही दाखवल्यावरच दिसायला लागलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र गुडघ्यासाठी. डावा चवडा थोडा बाहेर वळवून उभं राहा म्हणालात, त्यानं कंबरेला फिरायला जागा मिळते आणि गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. एवढी साधी गोष्ट, पण त्यामुळं मी अजून खेळतेय, नाहीतर डाव्या गुडघ्यानं मला कधीच घरी बसवलं असतं. लांब मारायला शिकवणारे पुष्कळ भेटतात मामा, समोरच्याचं अंग किती झेपवेल ते आधी बघणारे फार थोडे.

परवा समोरून वारा असताना ड्रायव्हरनं मारलेला बॉल 150 यार्डांच्या बोर्डापलीकडं पडला आणि दुसऱ्या दिवशी कंबर अजिबात धरली नाही. शनिवारी सकाळी नणंदेला घेऊन येतेय, तिची पाठ फार आखडते, तिलाही आधी वळायला शिकवा, बॉल नंतर द्या.

तुमची ताई