कोळंबी पास, जाळं नापास

कोची,
19 ऑगस्ट

प्रिय दिग्या,

तुझा मेसेज वाचला आणि त्याला जोडलेलं तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचं लांबलचक रेकॉर्डिंगही ऐकलं. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, समुद्र न ओरबाडता धरलेल्या मासळीला प्रमाणपत्र देणारी संस्था) निळं लेबल लागलं की युरोपात कोळंबीला दीडपट भाव मिळतो, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवाल्यांनी मिळून ते घेऊन टाकावं. फोनवर बोललो असतो तर तू लगेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणाला असतास, म्हणून बैठक मारून लिहितोय. मुद्दा आधीच सांगतो: आत्ता अर्ज करू नका. पैसे जातील आणि हातात नापासाचा कागद येईल. तयारी मात्र आजच सुरू करा.

मी सध्या हेच काम करतोय. केरळात कोल्लमच्या शक्तिकुळंगरा आणि नींडकरा बंदरांतल्या ट्रॉलच्या कोळंबीचं पूर्वमूल्यांकन, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधीची प्रिलिम. ती गोपनीय असते, त्यामुळे कोणासाठी आणि किती पैशांत, ते विचारू नकोस. जागा तुला आवडेल. पुलाच्या एका अंगाला नींडकरा, दुसऱ्या अंगाला शक्तिकुळंगरा आणि मधून अष्टमुडी खाडीचं पाणी समुद्राला मिळतं. 1953 साली नॉर्वेच्या मदतीचा मच्छीमारी प्रकल्प इथंच सुरू झाला. याच अष्टमुडीतल्या शिंपल्यांना, आपल्या तिसऱ्यांच्या भावकीतल्या, 2014 साली भारतातलं पहिलं एमएससी प्रमाणपत्र मिळालं. त्यामुळे बंदरावर जो तो विचारतो, शिंपल्यांना मिळालं मग कोळंबीला काय धाड भरलीय? अरे, शिंपलं पाण्यात उतरून नाहीतर होडीतून काढतात, आणि हाताला लागतं ते बहुतेक शिंपलंच. ट्रॉल म्हणजे बोटीमागे तळावरून ओढलेलं जाळं, ते वाटेत येईल ते सगळं उचलतं.

एमएससी स्वतः कुणालाच तपासत नाही. युनिलिव्हर आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी 1997 च्या सुमारास ती उभी केली, दोन वर्षांत ती स्वतंत्र झाली. ती फक्त नियम लिहिते. तपासणी करणारी कंपनी निराळी, आणि तिचे पैसे अर्जदार भरतो. ज्याची परीक्षा त्यानंच परीक्षकाची फी द्यायची, हे मला अजून पचलेलं नाही. त्यावर उतारा म्हणून मुख्य मूल्यांकनाचा अहवाल जाहीर करतात, बाहेरचे शास्त्रज्ञ तो वाचतात, आणि ज्यांचा संबंध आहे ते हरकत घेऊ शकतात. हरकती खरंच घेतल्या जातात, आणि लिहिणाऱ्याला घाम फुटतो.

गुणांची पद्धत अशी. तीन तत्त्वं: साठा कसा आहे, बाकीच्या समुद्राचं काय होतंय, आणि कारभार कोण कसा करतो. आम्ही धरलेल्या दुसऱ्या आवृत्तीत यांचे 28 निकष आहेत, पहिल्यात 6, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 7. कुठल्याही एका निकषात 60 च्या खाली गेलात की खेळ खलास, बाकी सगळीकडे 100 असले तरी. प्रत्येक तत्त्वाची सरासरी 80 हवी. एखाद्या निकषात 60 ते 80 च्या मध्ये राहिलात तर प्रमाणपत्र मिळतं, पण अट लागते, आणि ती साधारण पाच वर्षांच्या मुदतीत पुरी करावी लागते. दर वर्षी तपासनीस दारात येतात ते वेगळंच. वाटणी परत एकदा बघ. साठ्याला 6 आणि बाकी समुद्राला 15. चेअरमनसाहेब ज्या कोळंबीबद्दल तासभर बोलले, ती या परीक्षेत जेमतेम एका विषयापुरती आहे.

आणि त्या विषयात ती बरी आहे. इथं पावसाळी मासेमारीबंदी उठली की करिक्काडी नावाच्या कोळंबीचे ढीग पडतात. जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं आयुष्य, अंडी मात्र भरमसाट. साठा घसरला तरी सावरायला वेळ लागत नाही. सीएमएफआरआयचे (केंद्र सरकारची सागरी मासेमारी संशोधन संस्था) लोक बंदराबंदरावर नमुने घेऊन आकडे ठेवतात, तेही कित्येक दशकांपासून, त्यामुळे माहिती नाही असं म्हणायची सोय नाही. पावसाळी बंदी 1988 पासून आहे, आता 52 दिवसांची. आपली 61 दिवसांची, म्हणून तुम्ही फुशारकी मारू नका, केरळनं ती संप, उपोषणं, समित्या हे सगळं सोसून मिळवलीय. ट्रॉलरवाले तेव्हा म्हणत, पावसाळ्यात करिक्काडी धरली नाही तर ती खोल समुद्रात निघून जाईल, फुकट जाईल. अजूनही शक्तिकुळंगऱ्यात चहा पिताना हा वाद ऐकायला मिळतो.

या पहिल्या विषयात आपण अडकतो ते एकाच ठिकाणी. साठा घसरायला लागला तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलंय का? आपल्याकडे नाही. बंदी ठरलेल्या तारखेला येते आणि ठरलेल्या तारखेला उठते, समुद्रात कोळंबी किती आहे याचा तिला पत्ता नसतो. सुरीनाममध्ये ‘सीबॉब’ नावाची बारकी कोळंबी ट्रॉलनंच धरतात, पाणी उष्ण, तळ चिखलाचा, आपल्यासारखंच. त्यांना 2011 साली प्रमाणपत्र मिळालं, उष्ण कटिबंधातल्या कोळंबीसाठी पहिलंच. त्यांनी काय केलं? बोटीला दिवसामागे किती माल पडतो याचा आकडा धरला. तो ठरलेल्या पातळीखाली गेला की समुद्रातले दिवस कमी करायचे, हे आधीच कागदावर मान्य केलं. शिवाय सगळ्या बोटींवर कासव बाहेर सोडणारी जाळी आणि बारक्या माशांसाठी सुटायची खिडकी. ट्रॉलर मोजके, परवाने मोजके, कंपन्या एका हाताच्या बोटांवर. आपल्याकडे शेकडो मालक, त्यामुळे जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण नियमाची कल्पना साधी आहे, आणि ती तुमच्या सोसायटीच्या सभेत ठरू शकते. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना परदेशी सल्लागार.

आता खोल्याकडे, म्हणजे जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीकडे वळू. परवा धक्क्यावर एका बोटीचा माल उतरत होता, मी त्यातली एक पाटी मागून घेतली आणि शेडच्या फरशीवर उपडी केली. करिक्काडी होतीच. त्यात बोटभर राणी मासे, नखाएवढे लेप, ढोमे, वाकट्यांची पिल्लं, खेकडे, म्हाकुळाची पोरं, आणि एक मेलेला समुद्रसाप वेटोळं घालून. वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत लावून वजन करत बसलो. बायका हसत होत्या, सायबाला कचरा मोजायला पगार मिळतो म्हणून. मोजणं भाग असतं, कारण एकूण मालाच्या 5 टक्के किंवा त्याहून जास्त असलेली प्रत्येक जात ‘मुख्य’ ठरते आणि तिचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. नाजूक जात असेल तर 2 टक्केच पुरतात. कोळंबीच्या नावानं अर्ज केला तरी परीक्षेला अर्धा डझन जाती बसतात, आणि त्यातल्या काहींचा अभ्यास कुणी केलेलाच नसतो.

पूर्वी ही बारकी मासळी समुद्रातच फेकत. आता फिशमीलवाले, म्हणजे मासळीची भुकटी करणारे, गाडी घेऊन उभे असतात, म्हणून सगळं किनाऱ्याला येतं. फेकलेल्या मासळीचा आकडा कागदावर खाली येतो आणि समुद्रात मात्र तेवढीच पिल्लं मरतात. डिझेल महागलंय, खलाशांचा वाटा द्यायचाय, मालक तरी काय करणार? केरळनं 2015 साली मासळीचा कमीत कमी आकार ठरवला, बांगडा 14 सेंमी, तारली 10 सेंमी वगैरे, आणि त्यावर इथं धरपकड होते हे मी स्वतः पाहिलं. आपल्याकडेही 2023 मध्ये 54 जातींसाठी असे आकार ठरले. त्यातल्या किती तुझ्या तांडेलाला, बोट चालवणाऱ्याला, माहीत आहेत, विचारून बघ.

कासवांचं प्रकरण सगळ्यात अवघड. इथल्या एकेका तांडेलाला विचारतो, जाळ्यात कासव येतं का? ‘नाही साहेब, कधीच नाही.’ सगळ्यांचं एकच उत्तर. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, हो म्हणणारा आपल्याच गळ्यात फास अडकवून घेतोय असं त्याला वाटतं. मग चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा खलाशी सहज बोलून जातो, ‘ते आलं की जाळं जड होतं.’ आता माझ्या तक्त्यात काय लिहू? शून्य लिहिलं तर पुरावा नाही म्हणून गुण कापले जातात. म्हाताऱ्याचं लिहिलं तर तोही पुरावा नाही. ज्या गोष्टीची शिक्षा आहे तिचा आकडा कुणी देत नाही, आणि इथं आकड्याशिवाय गुण नाहीत. बोटीवर निरीक्षक बसवा, कॅमेरा लावा, किंवा सांगणाऱ्यावर खटला भरणार नाही असं लेखी द्या, याशिवाय रस्ता नाही. हे वाक्य मी अहवालात घातलंय. राहील की नाही, ठाऊक नाही.

याच कासवांपायी अमेरिकेनं 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय, 1989 च्या त्यांच्या कायद्यावर बोट ठेवून. तळ्यात वाढवलेल्या वन्नामेई कोळंबीला ही बंदी नाही. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया या कायद्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले होते, 1998 ला निकालही लागला. अमेरिकेनं कायदा राबवला ती पद्धत चुकली असं संघटनेनं ठरवलं, कासव वाचवण्याच्या हेतूला हात लावला नाही. उपाय एका लोखंडी जाळीचा आहे: खोल्याच्या तोंडाशी तिरकी बसवायची, कोळंबी गजांमधून आत, कासव गजांवरून घसरून वरच्या भोकातून बाहेर. अमेरिकेच्या नियमात दोन गजांमधलं अंतर चार इंचांहून जास्त चालत नाही. सिफ्टनं (कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) आपल्या बोटींसाठी तिचा देशी नमुना केलाय. मालकांचं एकच रडगाणं, मोठी मासळीही त्या भोकातून जाते. थोडी जाते, खोटं कशाला बोलू. पण कोकणात वेळास-आंजर्ल्याला लोक रात्री जागून कासवांची घरटी राखतात आणि तिथली पिल्लं मोठी होऊन समोरच्याच समुद्रात ट्रॉलमध्ये बुडतात, हे मला दापोलीकडच्या कुणासमोर बोलायला जीभ रेटत नाही.

तिसरा विषय, कारभार. कायदे दोन्हीकडे आहेत, केरळचा 1980 चा, आपला 1981 चा. दोन्ही किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे. ट्रॉलर त्यापलीकडेच जास्त वावरतात, आणि तिथं भारतीय बोटींसाठी वर्षानुवर्षं धड कायदाच नव्हता. त्यात नोंदवह्या. मला एका बोटीची दाखवली, संपूर्ण मोसमाची, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली. अक्षर सुरेख होतं. मी काही बोललो नाही, तांडेलच हसला.

ओरेगॉनच्या गुलाबी कोळंबीला 2007 साली जगातलं पहिलं कोळंबीचं प्रमाणपत्र मिळालं, त्याचं उदाहरण इथल्या प्रत्येक सादरीकरणात देतात. मला ते ऐकून कंटाळा आलाय. थंड पाणी, जाळ्यात जवळपास एकच जात, मोजकी बंदरं. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी: जाळ्याच्या खालच्या दोरीला एलईडी दिवे लावले आणि एका संरक्षित बारीक माशाचं जाळ्यात सापडणं एकदम घटलं. तो प्रयोग प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचा आहे. तिथले मच्छीमार कागद मिळाल्यावर थांबले नाहीत, हे मला आवडलं.

तर तुम्ही काय करायचं? दीडपट भावाचं विसरून जा, तसा काही करार कुणी लिहून देत नाही. लेबलानं काही सुपरमार्केटांचं दार उघडतं, एवढंच. पहिलं काम म्हणजे 40 मिलीमीटरच्या चौकोनी आसाचा, म्हणजे जाळीच्या भोकाचा खोला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आपण परीक्षेपुरता पाठ केलेला. शंकरपाळी आस भार पडला की ताणून मिटतो आणि पिल्लू अडकतं, चौकोनी उघडा राहतो. पाच बोटींनी एक मोसम वापरून बघा, किती कोळंबी गेली आणि किती पिल्लं सुटली, दोन्ही लिहा. समुद्रातच लिहा, बंदरात येऊन नको. मग नाममात्र खर्चात त्याचा सुधारणा कार्यक्रम करता येईल, आणि तो चालू असतानाही काही खरेदीदार माल घ्यायला तयार असतात. चेअरमनसाहेबांना हे पचणार नाही, त्यांना वर्षाअखेरीला फोटो हवाय. ते तू सांभाळ.

गणपतीला येतोय, वहिनींना मोदकांचं आत्ताच सांगून ठेव. तेव्हा तुझ्या बोटीवर एक फेरी मारू. खोला वाळत घातलेला असताना नाही, ओला आणि भरलेला असताना मोजायचाय. फूटपट्टी मी आणतो, तू मळमळीवरच्या आवोमिनच्या गोळ्या आण, आणि मला बोट लागते हे तांडेलाला आधी सांगू नकोस.

तुझा,
बाळ्या