शातोरूची स्टेज आणि माझे पाच पाउंड

लीड्स,
शनिवार 12 जुलै 2025, रात्र

प्रिय पम्या,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस की तुमच्याकडे त्या सायकलवाल्यांवर पण पैसे लावतात म्हणे, घोडे आहेत का ते, आणि मी हसून विषय बदलला कारण ही शेजारीच बसली होती. आता ती झोपलीय, लॉर्ड्सचा दिवस संपलाय (387 ला 387, आणि शेवटच्या ओव्हरला क्रॉलीचं ते नाटक बघितलंस ना, गिल कसला भडकला होता), तर म्हटलं तुला नीट लिहूनच टाकू. उद्या टूर द फ्रान्सची, म्हणजे फ्रान्समधल्या त्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीची, नववी स्टेज (एका दिवसाचा टप्पा) आहे, शिनों ते शातोरू, 174 किलोमीटर, आणि नकाशावरची रेघ बघशील तर इस्त्री फिरवल्यासारखी सपाट.

शातोरू नाव ओळखीचं वाटतंय का? अरे तेच ते! मागच्या ऑलिम्पिकला सगळं शूटिंग पॅरिसमध्ये नव्हतंच, शातोरूला होतं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं ते तिथेच, 1 ऑगस्टला. तू मला सकाळी मेसेज केला होतास, नुसते पेढ्यांचे फोटो.

सायकलिंगवाल्यांसाठी मात्र हे गाव मार्क कॅव्हेंडिशचं, ब्रिटिश स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या झपाट्यात जिंकणारा. 2008 ला त्याने टूरमधली पहिली स्टेज जिंकली ती इथे, मग 2011 ला इथेच, आणि सगळ्यांनी संपला म्हटल्यावर 2021 ला परत इथेच. एकूण 35 स्टेज, जुन्या जमान्यातल्या बेल्जियन दादा मर्क्सपेक्षा एक जास्त. माझं आणि त्याचं जमत नाही ही गोष्ट वेगळी. 2014 ला टूर आमच्या लीड्सहून सुटली होती आणि पहिली स्टेज हॅरोगेटला संपणार होती, जे त्याच्या आईचं गाव. मी आयुष्यातली पहिली बेट लावली, दहा पाउंड कॅव्हेंडिशवर, कारण आईच्या गावात कोण हरतं रे. गडी शेवटच्या काही शे मीटरवर धडपडला, खांदा गेला, टूर संपली आणि जिंकला किटेल. मी रेलिंगपाशी छत्री धरून उभा. तेव्हापासून भावना बघून पैसे लावायचे नाहीत असं ठरवलंय. ते किती पाळतो ते पुढे कळेलच तुला.

आता सपाट स्टेजची गंमत सांगतो. डोंगराच्या स्टेजला काय होईल ते माहीत नसतं पण कोण जिंकेल ते बऱ्याचदा माहीत असतं, म्हणजे आजकाल स्लोव्हेनियाचा पोगाचार. सपाट स्टेजला उलटं. काय होणार ते शेंबडं पोरगंही सांगेल: दोन-चार जण सुरुवातीला पळतील, मागचे त्यांना दोरी लांब सोडतील, शेवटी गुंडाळतील, आणि मग सत्तरच्या स्पीडने दहा-बारा सेकंदांचा दंगा. कोण जिंकणार ते मात्र त्या दहा सेकंदांवर. पुढे गेलेल्यांना पकडायचा हिशोब पण जुना आहे, 10 किलोमीटरला 1 मिनिट. म्हणजे 30 किलोमीटर राहिले आणि पुढचे तीन मिनिटांच्या आत असतील तर मागचे गाठतात. शापात नावाचा एक फ्रेंच कॉमेंटेटर हे गणित सांगायचा, अजून त्याच्याच नावाने चालतं.

आणि हे एकट्याचं काम नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की हवा त्याने कापलेली असते, तुझी तिसरा हिस्सा तरी ताकद वाचते. आठवतंय, सिंहगड रोडला एसटीच्या मागे लागून आपण चालवायचो आणि तुझ्या बाबांनी बघितल्यावर काय झालं होतं? तेच. म्हणून स्प्रिंटरच्या पुढे तीन-चार जणांची आगगाडी असते, लीडआउट म्हणतात. एकेक जण जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, शेवटचा साधारण 200 मीटरला सोडतो. समोरून वारा असेल तर उशिरा निघायचं, पाठीवर असेल तर लवकर. लवकर निघालास की मागचा तुझ्याच आडोशाने येऊन तुला खातो.

उद्यासाठी दोनच नावं धर. एक जोनाथन मिलान, इटलीचा, साडेसहा फुटाच्या आसपासचा आडदांड गडी. स्प्रिंट मारताना डोकं असं हलवतो की वाटतं सायकलशी भांडण चालू आहे. आज लावालला तोच जिंकला, व्हॅन आर्ट दुसरा. आणि त्याची आगगाडी, म्हणजे ट्रेन, जबरदस्त. त्याचा माणूस कोन्सोनी हा टोकियो ऑलिम्पिकच्या ट्रॅक सायकलिंग गोल्डमध्ये त्याच्यासोबतच होता, म्हणजे एकमेकांची नस ओळखतात. दुसरा टिम मर्लिये, बेल्जियन, युरोपियन चॅम्पियनची जर्सी घालतो. त्याच्या टीमचं सगळं लक्ष दुसऱ्या एका रायडरला, एव्हेनेपूलला, टूरच्या शेवटी पोडियमवर (एकूण पहिल्या तिघांत) न्यायचं, त्यामुळे ह्याच्या वाट्याला माणसं कमी, हा बिचारा दुसऱ्यांच्या आगगाडीला फुकट लटकत येतो. पण सोमवारी डंकर्कला ह्याने मिलानला फोटो फिनिशमध्ये मारलाय, टायरभर फरकाने.

मग पैसे कुणावर? आज मिलान जिंकलाय म्हणून उद्या सगळी जनता मिलानवर तुटून पडणार, आणि जनता तुटून पडली की भाव पडतो. पण लावालचा शेवट जरा चढाचा होता, तिथे नुसता दम लागतो. शातोरूचा शेवटचा रस्ता लांब, सरळ, सपाट. अशा ठिकाणी ट्रेन नसलेल्यालाही लांबून सगळं दिसतं, कुणाच्या मागे शिरायचं ते ठरवायला वेळ मिळतो. निव्वळ स्पीड मर्लियेचा जास्त आहे असं माझं मत, आणि ह्यावर मी भांडायला तयार आहे.

भावाचं तुला लगेच कळेल, आपल्याकडचे बुकी रुपयाला 40 पैसे वगैरे म्हणतात ना, तेच इथे अपूर्णांकात. 6/4 म्हणजे चारावर सहा, रुपयाला दीड रुपया. ह्याचाच अर्थ बुकी म्हणतोय की हा गडी दहापैकी चार वेळा जिंकेल. तुला जर मनापासून वाटत असेल की पाच वेळा जिंकेल तरच लाव, नाहीतर कितीही आवडता असो, गप्प बस. आणि सगळ्या रायडरांचे हे टक्के जोडून बघ एकदा, शंभर कधीच येत नाहीत, वर जे जातं ते बुकीचं पोट. स्प्रिंटला दीडशेच्या वर रायडर असतात, शेपटाकडचे भाव बघून तोंडाला पाणी सुटतं, पण तिथेच तो सगळ्यात जास्त कापतो.

अजून एक प्रकार आहे, ईच-वे. अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या तिघांत येण्यावर, आणि तिघांत आला तर साधारण चौथा हिस्सा भाव. समज 20 ला 1 वाल्यावर एकेक पाउंड लावला आणि तो तिसरा आला, तर एक पाउंड गेला, दुसऱ्याचे पाच आणि मूळचा एक असे सहा परत. असा एक माझ्या डोक्यात आहे, अर्नो द ली. बेल्जियममधल्या गोठ्यावर वाढलेला पोरगा, घरची गाईगुरं, लोक त्याला बैलच म्हणतात. बैलावर पैसे लावणं आपल्या रक्तातच आहे म्हणा.

हे सगळं तुला गंमत म्हणून सांगतोय, तू तिथे काही उद्योग करू नकोस. तुमच्याकडे 1887 चा जुगारबंदी कायदा आहे आणि वहिनी आहेत, दोन्ही कडक.

धोका एकच, वारा. आडवा वारा सुटला की पेलोटोनचे, म्हणजे रायडरांच्या मोठ्या घोळक्याचे, तुकडे पडतात आणि मागच्या तुकड्यात अडकलास की संपलं. पहिल्याच दिवशी लीलला हे झालंय, मिलान आणि मर्लिये दोघेही मागे राहिले आणि फिलिप्सन जिंकून गेला. तो फिलिप्सन पण सोमवारी मधल्या स्प्रिंटला (वाटेतच गुणांसाठी मारतात तो) पडला, हिरव्या जर्सीत (गुणांत पहिला असतो त्याची), कॉलरबोन मोडून घरी. नाहीतर उद्या नावं दोन नाही, तीन असती.

तर पाच पाउंड मर्लिये, आणि एकेक पाउंड द ली ईच-वे. झोपतो आता. उद्या संपल्यावर पुढचं लिहीन.

रविवार, संध्याकाळ

पम्या, काय झालं विचारू नकोस. नाही, विचार.

तीन खेळ एका वेळी. टीव्हीवर टूर (आयटीव्ही फोरवर फुकटात दिसण्याचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षीपासून पैसे मोजा), लॅपटॉपवर लॉर्ड्स, आणि ही आत मोबाइलवर विम्बल्डनच्या फायनलसाठी तयारीत. शिनोंला झेंडा पडला आणि पहिल्याच झटक्याला दोघं सुटले. कोण? मॅथ्यू व्हॅन डर पूल आणि योनास रिकार्ट. म्हणजे कोण ते लक्षात घे, फिलिप्सनची आगगाडी! ज्याला ओढायचं तो हॉस्पिटलमध्ये, मग ह्या दोघांनी विचार केला असणार की चला आपणच जाऊ. नंतर कळलं की रिकार्टला टूरच्या पोडियमवर एकदा उभं राहायचं होतं, लढाऊ रायडरचं बक्षीस घ्यायला, म्हणून हा एवढा मोठा माणूस, ज्याने दुसऱ्याच दिवशी स्टेज मारून पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिला असतो त्याची) घातली होती, तो आपल्या हमालासाठी पावणेदोनशे किलोमीटर हवा कापायला निघाला.

पहिला तासभर मी निवांत. दोनच तर आहेत, पाच मिनिटांची दोरी सोडली, शापात काका आहेतच. मधे रूट वॉशिंग्टनला बोल्ड झाला आणि मी घर डोक्यावर घेतलं. टीव्हीकडे परत बघतो तर अंतर हवं तसं कमी होत नाहीये. तीस किलोमीटरला माझं गणित सांगत होतं की येतील हातात, पण हे दोघं पन्नासच्या स्पीडने चालवतायत आणि मागचे पण पन्नासनेच, मग कमी होणार कसं.

आणि इथे माझी गोची सुरू झाली. माझे पाच पाउंड मर्लियेवर, म्हणजे मी ओरडायला हवं पकडा रे त्यांना. शेवटच्या पाच-सहा किलोमीटरवर रिकार्ट गळाला, व्हॅन डर पूल एकटा राहिला, मान खाली, खांदे हलतायत, मागे ती सगळी गँग, आणि मी काय ओरडतोय? चल, चल, चल, थोडंच राहिलंय! ही बाहेर आली, म्हणाली तुझा माणूस का तो? मी म्हटलं नाही गं, हा जिंकला तर माझे पैसे जातात. तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

शेवटचं किलोमीटर लागलं तरी तो पुढे. तो लांबच लांब सरळ रस्ता, ज्याची मी काल तुझ्याकडे तारीफ केली, तोच त्याला खाऊन गेला, कारण मागच्यांना तो नुसता समोर दिसत होता. 700 मीटर राहिले असताना गिळला. सुरुवातीपासून पुढे, आणि 700 मीटर! मी सोफ्यावर बसलो आणि मग एकदम आठवलं की अरे आपला गडी कुठाय. मिलान पुढे होता, मर्लिये त्याच्या जवळून आला आणि गेला. पहिला मर्लिये, दुसरा मिलान, तिसरा कोण, तर बैल. द ली तिसरा! दोन्ही लागले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी टाळी सुद्धा वाजवली नाही.

अॅव्हरेज 50 किलोमीटरच्या किंचित वर निघालं, टूरच्या इतिहासातली दुसरी सगळ्यात वेगवान स्टेज म्हणे. पहिली 1999 ची, लावाल ते ब्लुआ, चिपोलिनीने जिंकलेली. त्या दोघांनी असं पळवलं नसतं तर हे झालं नसतं, आणि कदाचित मिलानच्या ट्रेनचे डबे त्या पाठलागात आधीच सुटले नसते. म्हणजे बघ, माझे पैसे ज्याने जवळजवळ बुडवले त्यानेच मिळवून दिले असतील. असतील म्हणतो, मी काय सोफ्यावरचा तज्ज्ञ. पण काल मी तुला भाव, रस्ता, वारा सगळं सांगितलं आणि हे दोन बिनकामाचे हमाल माझ्या हिशोबात कुठेच नव्हते.

किती आले ते लिहीत नाही, हे पत्र उघडं पडलेलं असतं. तिघांची कॉफी आणि वर केक एवढं समज. हिला सांगितलंय की कॉफी तुझ्याकडून आहे, तेव्हा फोनवर विषय निघाला तर सांभाळून घे.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही, आणि तुझी ती जुनी सायकल अजून जिन्याखालीच असेल तर विकू नकोस, डिसेंबरमध्ये येतोय.

हे लिहितोय तोवर आकाश दीप दिवसाच्या शेवटी बोल्ड. 58 ला 4. अजून 135 हवेत, राहुल आहे. ह्याच्यावर मात्र कोणी फुकट पैसे दिले तरी मी लावणार नाही.

तुझा,
सुऱ्या