काका, आता तरी थँक्यू म्हणू द्या

प्रिय काका,

तुम्हाला थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितेय. काकू वाचून दाखवतीलच.

फेब्रुवारी 2021. आम्ही पुण्याहून ऑस्टिनला नुकतेच आलेलो, टेक्सास म्हणजे उकाडा एवढंच ऐकून होतो आणि अचानक तुमचा फोन, की 'नॉर्दर' म्हणजे उत्तरेकडचा गोठवणारा वारा येतोय, कॅनडापासून इथपर्यंत मधे आडवा डोंगर नाही त्यामुळे तो वारा थेट अंगावर येतो, तेव्हा बाथटब भरून ठेवा, बाहेरच्या नळांना जुने टॉवेल गुंडाळा, सिंकखालची कपाटं उघडी टाका आणि घरातले नळ बारीक धारेने चालू राहू देत. हे सगळं तुम्ही इतक्या रागात सांगितलंत की मला वाटलं आमचंच काहीतरी चुकलंय. आता कळतं की तुमचा आवाजच तसा आहे 😄

14 च्या रात्री बर्फ सुरू झाला आणि 15 ला पहाटे लाइट गेली. आपण लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं, म्हटलं येईल तासाभरात! पण महाराष्ट्रात निदान पेपरात टाइमटेबल यायचं हो, इथे आळीपाळीने बंद करणार म्हणाले आणि आमची गेली ती गेलीच. बाहेर उणे 14 च्या आसपास, घरात सगळं विजेवर, हीटर पण आणि शेगडी पण. टेक्सासच्या सगळ्या 254 काउंट्यांना वादळाचा इशारा होता आणि 45 लाख घरं अंधारात, हे आम्हाला नंतर कळलं. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली आणि टेक्सासचं ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी अमेरिकेपासून जवळजवळ तुटलेलं, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून हवी तेवढी वीज घेता येईना. अख्खं ग्रीड कोसळायला 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती म्हणे. ते वाचून मला आत्ताही कापरं भरतं.

तुम्ही मात्र सकाळीच बर्फातून चालत आलात, डोक्याला कानटोपी आणि वरून मफलर, आणि बेल चालत नाही म्हणून दार बडवत होतात. "सामान नको, पोराला घ्या आणि चला." बस्स, एवढंच.

तुमच्याकडे पण लाइट नव्हतीच. गॅसचा हीटर असून बंद, कारण त्याचा पंखा विजेवर. पण ती गॅसची फायरप्लेस होती आणि काकूंची शेगडी, जी काडी लावून पेटवता यायची. त्यावर काकूंनी पिठलं केलं, टॉर्च धरायला मी. पिठलं उकळत होतं आणि ओट्यावरचं तेल गोठून पांढरं झालेलं. खोबरेल तेल थिजलेलं पाहिलं होतं, गोडंतेल नव्हतं पाहिलं कधी. सगळे एकाच खोलीत गोधड्या घेऊन झोपलो आणि तुमचं घोरणं... जाऊ दे, आभाराचं पत्र आहे.

मला खरं थँक्यू म्हणायचंय ते मात्र दुपारच्या फेरीसाठी. गुडघे दुखत असताना तुम्ही गल्लीतल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगितलंत, की गॅरेज बंद करून गाडी चालू ठेवून बसू नका, बार्बेक्यूची शेगडी घरात आणू नका. काही लोक हसले पण. ह्यूस्टनकडे त्याच थंडीत ऊब मिळवायला गेलेली माणसं कार्बन मोनॉक्साइडने गेली हो. आपल्या गल्लीत कोणाला काही झालं नाही आणि त्याचं क्रेडिट तुम्ही कधीच घेतलं नाहीत.

आणि मग ऊन पडल्यावर आमच्या माळ्यावरचा पाइप फुटला, हॉलच्या छतातून धो धो पाणी. प्लंबर तर कुणालाच मिळत नव्हता. तुम्ही ती लांब दांड्याची चावी घेऊन आलात, फुटपाथजवळ मीटरच्या झाकणावरचा बर्फ खरवडलात आणि मेन व्हॉल्व्ह बंद केलात. निम्मा हॉल वाचला.

तशी चावी मी पण आणलीय आता, पण ते झाकण काही मला उघडत नाही. शनिवारी येऊन एकदा दाखवा, काकूंना घेऊन या आणि जेवूनच जायचं, "कशाला उगाच" वगैरे चालणार नाही.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली