शोधनिबंध तपासला कोणी, याचा कागद मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता तो जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. प्लेसमेंटच्या (म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीच्या) फाइलला लावायचा शोधनिबंध त्याने मोठ्या आनंदाने माझ्या हातात ठेवला. विषय होता काटोल-नरखेडच्या बागांमधला संत्र्यावरचा डिंक्या रोग. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून लगेच वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर अडलो. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाच्या फवारणीचे प्रमाण छापले होते : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. हे प्रमाण खोडाला लावायच्या मलमाचे आहे. फवारणीसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला १०० लिटर पाणी लागते. दहापट दाट द्रावणाने पंपाचे नोझल तर तुंबेलच, पण कोवळी नवतीही करपेल.

टाइप करताना एक शून्य राहून गेले होते. अशी चूक कोणाच्याही हातून होते. मी विचारले, "परीक्षकांनी काय लिहिलं?" तो म्हणाला, "सर, कमेंट वगैरे काहीच नाही आलं. तिसऱ्या दिवशी डायरेक्ट अ‍ॅक्सेप्ट झाला." पैसे मोबाइलवरून भरले, त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र आले. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर मात्र 'पीअर रिव्ह्यूड' (त्याच विषयाच्या जाणकारांनी तपासलेले) असे ठळक छापलेले, खाली आयएसएसएन क्रमांक आणि निबंधांचे दाखले किती दिले जातात हे सांगणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरचा आकडा. आयएसएसएन ही नियतकालिकाची केवळ ओळख आहे, दर्जाची खूण नव्हे, हे आमच्या अनेक प्राध्यापकांना आजही ठाऊक नसते. संत्र्याची बाग एकदा तरी पाहिलेल्या माणसाच्या नजरेखालून तो निबंध गेला असता, तर ही चूक एका मिनिटात सापडली असती.

१९९४ साली मी माझा एक निबंध पाठवला होता. चार महिन्यांनी तीन पानी टिपण परत आले. पहिलाच प्रश्न होता, "उपचार न केलेली झाडे कुठे आहेत?" मी आठ दिवस चिडलेला होतो. मग मुकाट्याने पुढच्या आंबिया बहाराला तेच काम पुन्हा केले, या वेळी तुलनेची झाडे राखून. माझा अर्धा दावा मागे घ्यावा लागला. ते परीक्षक कोण, हे मला कधीच कळले नाही आणि त्यांना त्या कामाचे कोणी पैसेही दिले नव्हते. पण संशोधन म्हणजे काय हे मला पीएच.डी.पेक्षा त्या तीन पानांनी जास्त शिकवले.

हे सारे ऐकून काही जण म्हणतात, ओपन अ‍ॅक्सेस (निबंध कोणालाही मोफत वाचता येतो, खर्च बऱ्याचदा लेखक भरतो) हेच मूळ दुखणे. मला ते मान्य नाही. आमच्या ग्रंथालयातली परदेशी नियतकालिके महागली म्हणून एकेक करून बंद झालेली मी पाहिली आहेत. एका निबंधाच्या प्रतीसाठी लेखकाला पोस्टकार्ड पाठवून आम्ही महिनोन्‌महिने वाट पाहायचो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली, ते चांगलेच झाले. पण काटोलचा शेतकरी किंवा माझ्यासारखा निवृत्त माणूस त्या संस्थांच्या बाहेरच आहे. त्याला खुला निबंधच मिळतो. आणि तो कोणालाही मोफत मिळतो म्हणूनच छापण्याआधी तो नीट तपासलेला हवा.

बिघाड पैशाच्या वाटेत आहे. वाचक किंवा ग्रंथालय वर्गणी भरते तेव्हा वाईट निबंध छापून गिऱ्हाईक तुटते. लेखकाकडून पैसे घेतले की नाकारलेला प्रत्येक निबंध म्हणजे बुडालेले उत्पन्न. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकासाठी एक जाणूनबुजून सदोष निबंध ३०४ ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांत नामांकित प्रकाशकांचीही नियतकालिके होती. 'प्लॉस वन' हेही लेखकाकडून पैसे घेणारे नियतकालिक, पण त्याने तो नाकारला. बोहॅनन यांनी वर्गणीवाल्या नियतकालिकांची अशी परीक्षा घेतली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीचा मार्ग धरला. पण २०१८ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा त्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी ४,३०५ नावे यादीतून काढावी लागली. पुढे आयोगाची नवी 'केअर' यादी आली, तर त्यातल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट उभ्या राहिल्या. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

म्हणजे आता ती जबाबदारी आपली आहे : आपल्या विद्यापीठाची, महाविद्यालयांच्या आयक्यूएसीची (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची) आणि आम्हा मार्गदर्शकांची. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत. परीक्षण कसे करायचे हे जाणणाऱ्या माणसांची या शहरात वाण नाही.

माझी मागणी एकच आहे. प्लेसमेंटची किंवा पीएच.डी.ची फाइल येईल तेव्हा छापील निबंधासोबत परीक्षकांचे शेरे, लेखकाने त्यांना दिलेले उत्तर आणि पाठवल्या-स्वीकारल्याच्या तारखा जोडायला सांगा. खरे परीक्षण झाले असेल तर हे सारे लेखकाच्या ई-मेलमध्ये पडलेलेच असते. 'ईलाइफ' हे नियतकालिक तर परीक्षकांचे अभिप्राय निबंधासोबत जाहीर करते. शेरे नसतील तर त्या निबंधाला गुण देऊ नका. एकदिवसीय राष्ट्रीय परिषदेच्या विशेषांकात सरसकट छापलेल्या निबंधांनाही हाच नियम लावा.

खोटे शेरेही तयार होतील, याची मला कल्पना आहे. विली या मोठ्या प्रकाशकाला त्याने विकत घेतलेल्या हिंदावी प्रकाशनाच्या नियतकालिकांतले ८,००० हून अधिक निबंध २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले, आणि तिथे कागदोपत्री परीक्षण झालेले होते. म्हणून समितीतल्या निदान एका सदस्याने निदान एक निबंध अथपासून इतिपर्यंत वाचावा. हे मी कोणाला शिकवायचे म्हणून लिहीत नाही. अशा समित्यांवर मी बारा वर्षे बसलो आणि कितीतरी फाइलींवर निबंधांची फक्त संख्या मोजून सह्या केल्या. एका बैठकीत चाळीस फाइली असायच्या, जेवणाआधी काम संपवायचे असायचे. माझ्या त्या सह्यांमुळे कोणकोणती वाक्ये 'प्रमाणित' ठरली असतील, हा विचार आता सोडत नाही.

विद्यार्थ्याने त्याच रात्री संपादकांना दुरुस्ती कळवली. उत्तर आले की दुरुस्तीसाठी वेगळे शुल्क पडेल. तेही त्याने भरले. तीन आठवडे झाले तरी ते पान तसेच आहे.

तो निबंध कोणा संत्रा बागायतदाराच्या मोबाइलवर पोचला असेल, तर त्यांच्यासाठी येथे लिहितो : फवारणीच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो ताजा कळीचा चुना आणि एकूण १०० लिटर पाणी घ्यावे. प्लास्टिकच्या भांड्यात कालवावे. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक (वनस्पतिशास्त्र)
धरमपेठ, नागपूर