विमान विकण्याआधी त्याची पाटी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात शहराजवळच्या एका संस्थेच्या वर्कशॉपमागे वर्षानुवर्षे पडून असलेले विमान भंगारात गेले. लिलावाच्या यादीत त्याची नोंद ‘जुने विमान, एक नग’ एवढीच होती. मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारा कारागीर, होतो, म्हणून तिथल्या ओळखीच्या एका शिक्षकांनी मला बघायला बोलावले. तोवर सौदा झालेला होता. ट्रकबरोबर आलेल्या पोराने मला विचारले, “काकाजी, याच्यात ॲल्युमिनियम किती निघंल?” संस्थेतले सगळे त्या विमानाला टायगर मॉथ, म्हणजे जुने ब्रिटिश प्रशिक्षण विमान, म्हणत होते. ते टायगर मॉथ नव्हते, एचटी-२ हे आपल्याच देशात बांधलेले प्रशिक्षण विमान होते.

टायगर मॉथला एकावर एक असे दोन पंख असतात. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर ताणलेले कापड, इंधनाची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध आणि वैमानिकांच्या दोन्ही बैठका उघड्या. आमच्यापुढे होते ते सबंध धातूचे, खाली बसवलेल्या एकाच पंखाचे. दोन बैठका मागेपुढे, पाय न मिटणारे, शेपटाखाली लहान चाक. इंजिन कधीच काढून नेलेले. वरचा निळा ऑइलपेंट नखाने खरवडला तर खाली चंदेरी रंग निघाला आणि त्याच्याही खाली प्रशिक्षण विमानांचा पिवळा. कॉकपिटमध्ये डेटा प्लेटच्या, म्हणजे कारखान्याचा क्रमांक असलेल्या पाटीच्या, जागी स्क्रूची भोके तेवढी उरली होती. पंखाच्या मुळाशी मात्र रॉकेलचा बोळा फिरवल्यावर ठोकलेले काही आकडे दिसले. ते मी वहीत उतरवून घेतले. एवढीच त्या विमानाची नोंद माझ्याकडे आहे. पाटी कोणी काढून नेली, देव जाणे. ती असती तर ते विमान बंगळुरूच्या कारखान्यातून कितव्या क्रमांकाने बाहेर पडले, हे कळायला वाट होती.

आणि एचटी-२ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातून जाऊन जर्मनीत गटिंगेनला हवाई विज्ञानातले नामांकित शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याचा आराखडा केला. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. तो कारखाना १९४० मध्ये उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. स्वतंत्र भारताने स्वतः आखून कारखान्यात मोठ्या संख्येने बांधलेले हे पहिले विमान. सुमारे १७० बांधली गेली, काही घानाच्या हवाई दलालाही दिली. १९८० च्या दशकात दीपक ही नवी प्रशिक्षण विमाने येईपर्यंत वायुसेनेतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे यावरच गिरवले. असे विमान ‘एक नग’ म्हणून किलोच्या भावाने जाते, याचा मला खरोखर राग येतो. संस्थेने मुद्दाम काही वाईट केले असे मी म्हणत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्याकडे लढाऊ विमान असले की त्याला चबुतरा मिळतो, भोवती कारंजे होते, लोक सेल्फी काढतात. मोठ्या विमानाचीही बातमी होते. सोनेगावला बेवारस उभे राहिलेले बोइंग ७२० किती वर्षे वर्तमानपत्रांत गाजत होते, हे नागपूरकरांना आठवत असेल. लहान विमानांच्या वाट्याला हे येत नाही. प्रशिक्षणाची, तोफखान्याच्या टेहळणीची, निरोप पोहोचवण्याची ही विमाने कापडाची किंवा पातळ पत्र्याची, शे-दोनशे अश्वशक्तीची. लष्कराची गरज संपली की ती फ्लाइंग क्लबकडे, कॉलेजांकडे, एनसीसीकडे जात. पुढे कुठल्या तरी शेडमध्ये पडून राहत आणि तिथून नाहीशी होत.

पण युद्धात त्यांचे काम लहान नव्हते. लोंगेवालाची लढाई सगळ्यांना ठाऊक आहे, हंटर विमानांनी रणगाडे कसे फोडले तेही. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी त्या हंटरना वरून लक्ष्य दाखवत मेजर आत्मा सिंग एका कृषक विमानात वाळवंटावर घिरट्या घालत होते. कृषक म्हणजे २२५ अश्वशक्तीचे, पंख वर असलेले, हळू उडणारे निःशस्त्र टेहळणी विमान. खाली शत्रूचे रणगाडे आणि हा माणूस त्यांच्या डोक्यावर काचेच्या खोलीत बसून वायरलेसवर बोलतो आहे! अशी सुमारे ७० विमानेच बांधली गेली होती. त्यातले एखादे विदर्भात कुठे पडलेले असेल आणि कोणी त्याला ‘फवारणीचे विमान’ म्हणत असेल, तर ते ओळखता आले पाहिजे.

पंख वर असलेल्या विमानांत गोंधळ जास्त होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑस्टर हे ब्रिटिश टेहळणी विमान, पुष्पक आणि कृषक लांबून सारखीच दिसतात. तिन्हींचे पंख छताच्या पातळीवर, त्यांना खालून आधाराचे दांडे, शेपटाखाली चाक. आधी नाक बघावे. ऑस्टर एओपी-६ आणि एओपी-९ यांची इंजिने उलटी, सिलिंडर एकामागे एक, त्यामुळे नाक अरुंद आणि उभे. पुष्पक आणि कृषक यांच्यात कॉन्टिनेंटलची आडवी इंजिने असत. सिलिंडर दोन्ही बाजूंना पसरलेले, म्हणून नाकाला गाल असल्यासारखे दिसते. मग या दोघांत फरक आकाराचा. पुष्पक लहान, ९० अश्वशक्तीचे, शेजारी शेजारी दोनच बैठका. ते मुळात फ्लाइंग क्लबसाठी केलेले होते आणि एनसीसीचे कित्येक छात्र त्यातूनच पहिल्यांदा आकाशात गेले. कृषक मोठे, मागे तिसऱ्या माणसाची सोय आणि मागचे दिसावे म्हणून भरपूर काच. कापड कुजून गेले असले तरी नळ्यांचा सांगाडा आणि इंजिनाची बैठक यांवरून एवढे नक्की कळते.

रंगावर मात्र कधीही विसंबू नये. दिल्लीतल्या पालमच्या वायुसेना संग्रहालयातले लायसँडर हे जुने ब्रिटिश विमान घ्या. आपल्या वायुसेनेच्या पहिल्या स्क्वॉड्रनने १९४२ मध्ये ब्रह्मदेशात के. के. मुजुमदार यांच्या नेतृत्वाखाली लायसँडर उडवली. टेहळणीच्या या विमानांना बाँब बांधून शत्रूच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. पालमचे विमान पाहणाऱ्याला वाटते, हे त्यातलेच. प्रत्यक्षात ते कॅनडाहून आले. १९६८ च्या सुमारास भारताने कॅनडाला एक लिबरेटर बाँबफेकी विमान दिले, त्याच्या बदल्यात हे लायसँडर मिळाले. म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. पण अंगावरची खूण एक सांगते आणि सांगाड्याचा इतिहास दुसरा, हे लक्षात ठेवावे लागते. आपल्याकडे तर दर प्रजासत्ताक दिनाआधी असल्या विमानांवर नवा हात मारतात, जुना क्रमांक बुजतो आणि रंगारी आपल्या अंदाजाने नवा काढतो.

खरा पुरावा ठोकलेल्या अक्षरांत असतो. पूर्वी घराघरातल्या पितळी भांड्यांवर नाव आणि साल कोरलेले असे, तसाच विमानाच्या सांगाड्यावर कारखान्याचा अनुक्रमांक असतो. वायुसेनेचा क्रमांक वेगळा. उदाहरणार्थ, वायुसेनेच्या व्हिंटेज ताफ्यातल्या टायगर मॉथवर एचयू-५१२ आणि हार्वर्डवर एचटी-२९१ असे क्रमांक आहेत. पुढे विमान नागरी वापरात गेले तर त्याला व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी मिळते. एकाच विमानाला असे तीन क्रमांक असू शकतात आणि माग काढायचा म्हणजे या तिन्हींचा मेळ घालायचा. त्यात आणखी एक अडचण आहे, ती आम्हा फिटर लोकांना चांगली माहीत आहे. डेपोत दुरुस्ती होताना एकाचा पंख दुसऱ्याला लागतो, तिसऱ्याचे शेपूट याला येते, इंजिन तर कितीदा तरी बदलते. त्यामुळे पंखावरचा आकडा हा त्या पंखाचा असतो, विमानाचा असेलच असे नाही. विमानाची ओळख फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, पाटीवरून धरतात. ती नसेल तर लॉगबुक, एफ-७०० या देखभालीच्या नोंदवहीची पाने, विल्हेवाटीचे आदेश, जुने फोटो यांवरून हळूहळू जुळवावे लागते.

हे काम नागपुरात व्हावे असे मला वाटते, त्याला कारण आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या शहरात आहे. ज्यांनी आयुष्यभर विमाने उघडली, जोडली, त्यांचे कागद सांभाळले, असे अनेक लोक निवृत्त होऊन इथेच राहिले. जयताळा, सोमलवाडा, प्रतापनगर या भागांत गल्लोगल्ली भेटतील. महायुद्धात सोनेगाव हा विमानांचा थांबा होता, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही त्याच काळातली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री इथेच एकत्र येऊन टपालाच्या थैल्या बदलत. विमानांशी एवढा जुना संबंध असलेली शहरे देशात थोडी आहेत. नॅरोगेजची इंजिने आणि डबे आपण मोतीबागेच्या संग्रहालयात जपले. विमानांसाठी संग्रहालय मी आज मागत नाही. यादी मागतो आहे.

आपल्या वर्तमानपत्राने वाचकांना आवाहन करावे, ही माझी विनंती. ज्यांच्या शाळेत, कॉलेजात, आयटीआयमध्ये, जुन्या गोदामात किंवा शेतातल्या कोठ्यात लष्करी लहान विमान किंवा त्याचा भाग आहे, त्यांनी त्याचे फोटो पाठवावेत. एक बाजूने, एक समोरून, एक शेपटाचा आणि जिथे जिथे आकडे दिसतील तिथला जवळून. ठोकलेले आकडे वाचता येत नसतील तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी, अक्षरे उमटतात. पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नये, त्याने उरलेली अक्षरेही जातात. पाटी जागेवरून काढू नये. घरी शोभेला ठेवलेल्या पाटीवरून विमान शोधता येत नाही. आणि जुन्या मीटरच्या काचा कोणी उघडू नयेत. अंधारात चमकावेत म्हणून त्या काळच्या तबकड्यांना रेडियमचा रंग देत, त्याचा चुरा श्वासातून गेला तर अपाय होतो. लहान मुलांना तर त्यापासून लांबच ठेवावे. वायुसेनेच्या हद्दीत उभ्या असलेल्या विमानांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

निवृत्त वायुसैनिक, फ्लाइंग क्लबचे जुने मेकॅनिक आणि एनसीसीच्या हवाई शाखेतले जुने छात्र यांच्या घरच्यांना एक वेगळी विनंती आहे. वडील किंवा आजोबा गेले की त्यांच्या ट्रंकेतल्या वह्या आणि फोटो रद्दीत जातात. विमानाजवळ उभे राहून काढलेल्या फोटोत मागे शेपटावरचा क्रमांक दिसत असतो. घरच्यांना त्यात फक्त बाबा दिसतात, पण तो क्रमांक आणि फोटोमागे लिहिलेली तारीख यांवरून ते विमान त्या दिवशी कुठे होते हे ठरते. मूळ फोटो कोणाला देऊ नये, मोबाइलवर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवला तरी भागते.

ज्या संस्थांना जागेअभावी विमान काढायचेच आहे, त्यांना अडवण्याचा कोणाचा हेतू नाही. त्यांनी लिलावाची नोटीस काढण्याआधी वायुसेनेला आणि बंगळुरूच्या एचएएल (पूर्वीचे हिंदुस्थान एअरक्राफ्ट) संग्रहालयाला एक पत्र पाठवावे, सोबत पाटीचा फोटो जोडावा आणि उत्तरासाठी महिनाभर थांबावे. सांगाडा गेलाच तरी निदान मीटर, चाके, कंट्रोल स्टिक असले भाग दुसरीकडचे विमान पुरे करायला उपयोगी पडतात. जगात शिल्लक राहिलेले एकमेव वापिटी विमान आज पालमला आहे. आपल्या वायुसेनेची सुरुवात ज्या जातीच्या विमानांनी झाली, त्यातले हे एवढेच उरले. एचटी-२ आणि कृषक यांची अजून ती वेळ आलेली नाही.

फोटो आले तर विमान ओळखण्याचे काम करायला मी तयार आहे. माझ्या बरोबरीचे काही निवृत्त फिटरही तयार आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
सोमलवाडा, नागपूर